ट्रेकचा गॅस कॅन संपल्यावर त्याचं काय करायचं : भोक पाडण्याआधीपासून भंगारवाल्यापर्यंत सगळं नीट क्रमाने

प्रत्येक ट्रेक ग्रुपवर दर सीझनला हा प्रश्न येतोच की गॅसचे रिकामे कॅन साठलेत, काय करू. आणि त्याखाली उत्तरंही तीच, खिळा मारून भोक पाड आणि टाक, नाहीतर ओल्या कचऱ्यात खाली दाबून दे, कुणी सांगतं शेकोटीत टाक मस्त आवाज येतो. यातलं एकही करू नका. खिळेवाल्या उत्तरात अर्धं खरं आहे, भोक पाडायचं असतंच, पण ते शेवटून दुसरं काम आहे आणि लोक ते पहिलं करतात. सगळा घोळ या क्रमाचा आहे म्हणून क्रमानेच लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. कॅन तीन टप्प्यांत रिकामा होतो. पहिल्यांदा बर्नर विझतो, म्हणजे दाब कमी पडला, गॅस अजून आत आहे. मग फुस्स आवाज बंद होतो, म्हणजे आतला आणि बाहेरचा दाब सारखा झाला, तरी कॅन गॅसच्या वाफेने गच्च भरलेलाच असतो. आणि शेवटी ती वाफही निघून आत हवा किंवा पाणी जातं, तेव्हा कुठे तो नुसता पत्रा होतो. बहुतेक जण पहिल्या टप्प्यावर असतात आणि तिसऱ्यावर असल्यासारखं वागतात.

१. हातातला डबा कोणता आहे ते बघा

सह्याद्रीत आपण वापरतो ते दोनच प्रकार. एक बसका गोल कॅन, ज्याच्या डोक्यावर आटे असतात आणि बर्नर त्यावर फिरवून बसतो, साधारण १००, २३० किंवा ४५० ग्रॅम गॅसचा. दुसरा उंच बारीक कॅन, डिओच्या बाटलीसारखा, जो चपट्या पोर्टेबल शेगडीत आडवा बसतो किंवा फ्लेम गनला, म्हणजे हातात धरून ज्योत मारायच्या टॉर्चला लागतो, यात बहुतेक २२० ते २२७ ग्रॅम ब्युटेन असतो. दोन्ही एकदाच वापरायचे, पातळ पत्र्याचे. हा लेख या दोघांसाठी आहे.

तिसरा प्रकार म्हणजे जाड पोलादी, परत भरायचा सिलेंडर, पाच किलोचा किंवा त्याहून लहान, ज्याला वर पितळी व्हॉल्व्ह असतो. तो असेल तर खालचं काहीही करू नका, सरळ शेवटच्या भागावर जा.

थांबा : कॅन गंजून फुगलाय, खालचा आत वळलेला तळ बाहेर आलाय, किंवा आट्यांपाशी आपोआप गॅसचा वास येतोय असं दिसलं तर त्याला बर्नर लावायचा नाही आणि भोकही पाडायचं नाही. उघड्यावर, सावलीत, माणसं आणि विस्तव नसलेल्या जागी उभा ठेवा आणि गॅस आपोआप निघून जाऊ दे.

२. आत किती उरलंय ते वजनाने ठरवा

हलवून बघणं चालतं पण त्यातून फक्त एवढंच कळतं की आत पातळ, म्हणजे द्रव रूपातला, गॅस आहे का. कॅन कानाजवळ धरून हळूच तिरका केला की आत चुळुक असा आवाज येतो, तो आला म्हणजे भोक पाडायचा विचारही नको. पण आवाज नाही आला म्हणून रिकामा असं मात्र होत नाही, दोन-चार ग्रॅमचा आवाज कळत नाही.

खरं काम करतो तो किचनचा वजनकाटा. नवीन कॅन आणलात की त्याचं वजन करा आणि मार्करने कॅनवरच लिहून टाका. समजा नवा कॅन ३८० ग्रॅम भरला आणि लेबलवर गॅस २३० ग्रॅम लिहिलंय, तर नुसत्या पत्र्याचं वजन १५० ग्रॅम. ट्रेकहून आल्यावर काटा १७२ दाखवत असेल तर आत २२ ग्रॅम आहे. हे थोडं नाही, वारा अडवून चांगल्या बर्नरवर यात दीडेक लिटर पाणी उकळतं, म्हणजे चार-पाच जणांचा चहा तुम्ही कचऱ्यात टाकत होतात. प्लास्टिकची टोपी दोन्ही वेळा काढून वजन करा, नाहीतर हिशोब चुकतो. नव्याचं वजन केलेलं नसेल तर त्याच कंपनीचा त्याच साइजचा दुसरा नवा कॅन मित्राकडून घेऊन वजन करा.

इथे होणारी नेहमीची चूक अशी की डिसेंबरमध्ये हरिश्चंद्रगडावर पहाटे चहा करताना ज्योत बारीक होते, कॅनला हात लावला तर बर्फासारखा गार, बाहेरून दव साचलेलं, आणि मंडळी जाहीर करतात की संपला. संपलेला नसतो. आतला पातळ गॅस वाफ होताना कॅनचीच उष्णता ओढून घेतो त्यामुळे कॅन गार पडतो आणि गार पडला की दाब पडतो. नॉर्मल ब्युटेन साधारण शून्य अंश सेल्सिअसला उकळतो, आयसोब्युटेन उणे १२ च्या आसपास, प्रोपेन उणे ४२ ला. म्हणून या गॅसांचं मिश्रण भरलेल्या कॅनमधला प्रोपेन आधी जास्त उडून जातो आणि शेवटी उरतो तो जड, आळशी ब्युटेन, जो थंडीत वर यायलाच तयार नसतो. तोच कॅन घरी आणून दुपारी लावला की पुन्हा पेटतो.

३. उरलेला गॅस जाळून संपवा

हवेत सोडण्यापेक्षा जाळणं कधीही बरं, सुरक्षितही आणि उपयोगाचंही. घरी आल्यावर, गच्चीवर किंवा अंगणात, बर्नरवर पाण्याचं मोठं पातेलं ठेवा आणि ज्योत आपोआप विझेपर्यंत चालू द्या. खोलीत, बंद बाल्कनीत, तंबूत नको, कारण शेवटी शेवटी ज्योत पिवळी आणि अर्धवट जळणारी होते आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो ज्याला वास नसतो.

ज्योत विझली की नॉब बंद करा, बर्नर निवू द्या, मग कॅन कोमट पाण्याच्या भांड्यात पाच-दहा मिनिटं ठेवा आणि पुन्हा पेटवा. कोमट म्हणजे बाळाला आंघोळ घालायला चालेल इतपतच. कॅनवर छापलेलं असतं की ५० अंशांच्या वर तापवू नका, त्यामुळे उकळतं पाणी, हेअर ड्रायर, शेगडीची धग, गाडीचं बॉनेट हे सगळं बाद. दोन-तीनदा असं केलं की पेटायचा बंद होतो.

कॅन उलटा धरून जाळू नका. साध्या बर्नरमध्ये मग वाफेऐवजी पातळ गॅस येतो आणि एकदम हातभर भडका उडतो.

४. दाब सोडा

हा टप्पा लोक गाळतातच. ज्योत विझली आणि लगेच खिळा-हातोडा. आत अजून चार-पाच ग्रॅम असू शकतो. एक ग्रॅम ब्युटेनची साधारण ०.४ लिटर वाफ होते, म्हणजे पाच ग्रॅमची दोन लिटर. आणि हवेत दोन टक्क्यांच्या आसपास ब्युटेन मिसळला तरी ती हवा पेटते, तेव्हा ही दोन लिटर वाफ जवळजवळ १०० लिटर हवा पेटण्यालायक करून ठेवते. वर ठिणगी पाडायला हातोडा आहेच.

जागा आधी ठरवा. ब्युटेनची वाफ हवेच्या दुप्पट जड असते, ती वर उडून जात नाही, खाली पसरते आणि खोलगट जागी साचते. त्यामुळे जिना, तळघर, पार्किंगचा बेसमेंट, गटाराच्या झाकणाजवळ, विहिरीच्या काठावर हे काम करायचं नाही. बाल्कनीतून सोडलात तर खालच्या मजल्यावरच्यांच्या खिडकीत जातं, आणि तिथे कुणी फोडणी देत असेल. मोकळं मैदान किंवा चारी बाजूंनी उघडं अंगण, थोडा वारा हवा. आजूबाजूला आठ-दहा मीटरमध्ये विस्तव नको, आणि विस्तव म्हणजे फक्त शेगडी नाही, तुळशीपुढचा दिवा, उदबत्ती, मच्छर अगरबत्ती, चालू स्कूटर, पाण्याच्या मोटरचं बटण, कुणाची सिगरेट, सगळं मोजा. संध्याकाळी दिवेलागणीला हे काम काढूच नका, सकाळी करा. लहान मुलं आणि कुत्रं लांब ठेवा.

आट्यांच्या कॅनला सगळ्यात चांगलं टूल तुमच्याकडे आधीच आहे, तुमचाच बर्नर. तो पूर्ण गार झालाय ना बघा, कॅनवर घट्ट बसवा, न पेटवता नॉब पूर्ण उघडा आणि कॅन उभा ठेवून लांब व्हा. बर्नर स्वतःच व्हॉल्व्ह दाबून धरतो त्यामुळे सळई खुपसायची गरज नाही. उंच कॅनला फ्लेम गनचं डोकं लावून नॉब उघडा आणि तसाच उभा ठेवा, चुकूनही त्याचं इग्निशनचं बटण दाबू नका. फ्लेम गन नसेल तर कॅन उभा ठेवून जाड हातमोजे घालून नळीचं टोक लाकडी काठीने एका बाजूला ढकलून धरा, तोंड बाजूला. बोटाने दाबू नका, बाहेर येणारा गॅस इतका गार असतो की कातडी पांढरी पडते आणि जळल्यासारखी जखम होते.

दोनेक तास तसंच राहू द्या. ऊन कोवळं असेल तर चालेल, भर दुपारचं मे महिन्याचं ऊन नको.

तपासा : तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. पुन्हा व्हॉल्व्ह दाबल्यावर फुस्स होत नाही. व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाकून दाबला तर बुडबुडा येत नाही. आणि अर्ध्या तासाच्या अंतराने दोनदा केलेलं वजन सारखं येतं आणि ते पत्र्याच्या वजनाच्या जवळ आहे. यातलं एक जरी जुळत नसेल तर पुन्हा कोमट पाणी आणि पुन्हा दोन तास. घाई कसलीच नाही, कॅन कुठे पळून जात नाही.

५. आता भोक

सगळ्या तपासण्या झाल्या तरी लक्षात ठेवा की कॅन अजून वाफेने भरलेला आहे, साधारण एक ग्रॅम. गंमत अशी की आत नुसती वाफ असते तोपर्यंत ती आतल्या आत पेटू शकत नाही कारण हवाच नाही. तुम्ही भोक पाडता आणि हवा आत जायला लागते तेव्हाच पेटणारं मिश्रण तयार होतं. म्हणून भोक पाडताना ठिणगी नको आणि भोक पाडल्या पाडल्या पाणी भरायचं.

टूल हाताने चालणारं हवं. जेटबॉइल कंपनीचं क्रंचइट नावाचं छोटं टूल याच कामासाठी आहे, आट्यांच्या कॅनवर बसवून दाबलं की भोक पडतं, ग्रुपमध्ये एकाने घेतलं तरी सगळ्यांचं भागतं. ते नसेल तर जुन्या पद्धतीचा टोकदार टिन ओपनर, कॅनच्या खांद्यापाशी कडेला रोवून जोर द्यायचा. ड्रिल, ग्राइंडर, हॅकसॉ, छिन्नी-हातोडा यातलं काहीही नाही, लोखंडावर लोखंड आपटलं की ठिणगी उडते. यूट्यूबवर कितीही व्हिडिओ असू देत.

क्रम असा. बादलीभर पाणी शेजारी. गॉगल आणि हातमोजे घाला, अंगात सुती कपडे, सिंथेटिक जॅकेट काढून ठेवा. कॅन आणि ओपनर दोन्ही ओले करा, कॅन ओल्या पोत्यावर ठेवा, वारा तुमच्या पाठीकडून येईल असे बसा आणि चेहरा कॅनच्या वर आणू नका. एक भोक पाडा. जराही फुस्स झालं तर सोडून द्या, लांब व्हा, अर्धा तास थांबा. काही झालं नाही तर समोरच्या बाजूला दुसरं भोक पाडा आणि लगेच कॅन बादलीत बुडवा. एका भोकातून पाणी आत जातं, दुसऱ्यातून वाफ बुडबुड्यांनी बाहेर येते. बुडबुडे थांबेपर्यंत धरून ठेवा, कॅन इकडे तिकडे कलवा, पूर्ण भरू द्या, मग पाणी ओतून टाका. हे दोनदा करा. हेसुद्धा उघड्यावरच, बाथरूममध्ये नाही.

आता तो कॅन खरंच रिकामा. नंतर बुटाने मधोमध दाबून चेपवा म्हणजे तो पुन्हा कुणी भरायला जाणार नाही आणि लांबूनही कळेल.

भोक पाडायची भीती वाटत असेल तर पाडू नका, चौथ्या टप्प्यापर्यंत करा आणि ज्याच्याकडे टूल आहे त्याला द्या. यात कमीपणा काही नाही.

गडावर, कॅम्पसाइटवर, पवनेच्या काठावर भोक पाडत बसू नका. खाली आणा, आपापल्या घरी करा. येताना लोकलने किंवा एसटीने यायचं असेल तर मात्र विचार करा, रेल्वेत गॅससारखे धोकादायक पदार्थ नेणं १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कॅन न्यायचे-आणायचे असतील तर खाजगी गाडी बघा आणि उन्हात उभ्या गाडीत ते सोडून जाऊ नका.

६. भंगारात देताना

चेपवलेल्या कॅनवर मार्करने मोठ्या अक्षरात लिहा, रिकामा, भोक पाडलंय. प्लास्टिकची टोपी वेगळी काढा, ती प्लास्टिकमध्ये जाते. कॅन पोलादी असतात, चुंबक लावून बघा, चिकटला की पत्र्याच्या ढिगात जाईल.

मग तो हातात घेऊन भंगारवाल्याकडे जा, भोक दाखवा आणि तोंडाने सांगा. एका कॅनचे पैसे जवळजवळ काहीच येत नाहीत, म्हणून आठ-दहा साठवून नेलेलं बरं, साठवायचे तेही भोक पाडूनच. आपल्याकडे पुढे काय होतं तर पत्रा प्रेसमध्ये दाबून गठ्ठे बांधतात, मोठे तुकडे गॅस कटरने कापतात, आणि तिथे काम करणाऱ्या माणसाच्या डोळ्यावर गॉगलही नसतो. न सांगता भरलेला कॅन तिथे जाणं म्हणजे त्याच्या हातात काय देतोय हे माहीत असून दिल्यासारखं आहे. घंटागाडीचंही तसंच, कॉम्पॅक्टरच्या गाडीत कचरा दाबला जातो, आणि डेपोवर तो निवडणाऱ्या बाया उघड्या हातांनी निवडतात. मला या सगळ्या लेखात हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

बिल्डिंगमध्ये सुका कचरा गोळा करणारी संस्था येत असेल तर त्यांना आधी विचारा, गॅस कॅन घेता का, आणि घेत असतील तर वेगळ्या पिशवीत हातात द्या.

७. पुन्हा वापरायचाच असेल तर

पेन स्टँड, छोटी कुंडी, बिया रुजवायचं भांडं, वाळू भरून ताडपत्रीचं वजन, एवढं ठीक. पाणी भरून दोनदा धुतलेला कॅनच घ्या आणि पत्रा कापायच्या कात्रीने कापा, मशीनने नाही. कडा ब्लेडसारखी धारदार होते, ती आत वळवून घ्या आणि कानसने घासा. कॅनच्या आत तेलकट चिकट थर राहतो आणि वास जाता जात नाही, त्यामुळे खाण्या-पिण्याला काहीही वापरू नका. चूल किंवा स्पिरिटचा स्टोव्हही बनवू नका, बाहेरचा रंग तापून धूर येतो.

आणि परत भरणं अजिबात नाही. ऑनलाइन अडॅप्टर मिळतात, घरच्या सिलेंडरमधून कॅन भरून देणारेही मिळतात. ब्युटेनचा ४० अंशाला दाब साधारण पावणेचार बार असतो, प्रोपेनचा साडेतेराच्या वर. घरच्या एलपीजीमध्ये प्रोपेन मिसळलेला असतो आणि उंच कॅनचा पत्रा नुसत्या ब्युटेनच्या हिशोबाने केलेला असतो. त्यात वर किती भरलं हे हाताला कळत नाही, पातळ गॅसला फुगायला मोकळी जागा राहिली नाही की उन्हात कॅन फाटतो.

८. जाड पोलादी छोटे सिलेंडर

पाच किलोचे छोटे सिलेंडर, म्हणजे इंडियन ऑइलचा छोटू वगैरे, रिकामे झाले तरी रिसायकल करायचं काम आपलं नाही. पावतीसकट विकणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे परत न्या, भरून घ्या किंवा जमा करा. निकामी सिलेंडर कंपनीकडून नियमानुसार नष्ट होतात. घरच्या १४.२ किलोच्या सिलेंडरवर तर मालकी कंपनीचीच असते, आपण फक्त डिपॉझिट भरलेलं असतं, तो भंगारात विकणं किंवा कापणं दोन्ही चूक. जुना सिलेंडर कापून तंदूर किंवा बार्बेक्यू बनवायचे व्हिडिओ खूप फिरतात. वर्षानुवर्षं वापरलेल्या सिलेंडरच्या तळाशी जड तेलकट गाळ साचलेला असतो, कटरची आच लागली की त्याची वाफ होते आणि धुतलेला सिलेंडरही उडतो.

आयएसआयचा शिक्का नसलेले दोन-तीन किलोचे लोकल सिलेंडर, जे रूमवर राहणारी मुलं आणि हातगाडीवाले वापरतात, त्यांचा मामला जास्त अवघड. एका सिलेंडरमधून दुसऱ्यात गॅस भरणं परवान्याशिवाय बेकायदेशीर आहे त्यामुळे ते पुन्हा भरूच नका. असा सिलेंडर रूमवर पडून असेल तर व्हॉल्व्ह उघडून रिकामा करायला जाऊ नका, भंगारवाल्याला देऊ नका, उभा, बंद, हवेशीर जागी ठेवा आणि जवळच्या फायर स्टेशनला जाऊन विचारा. आधी त्याचा एक फोटो काढून न्या, वर व्हॉल्व्ह कसा आहे आणि कॉलरवर, म्हणजे व्हॉल्व्हभोवतीच्या कड्यावर, काय कोरलंय ते दिसेल असा, मग त्यांना लगेच कळतं. वास येत असेल तर विचारायला जायचं नाही, दारं-खिडक्या उघडायच्या, एकही बटण चालू किंवा बंद करायचं नाही, सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि बाहेरून फोन लावायचा, एलपीजी गळतीसाठी १९०६, अग्निशमनसाठी १०१. फोनवर सिलेंडर किती किलोचा, कोणत्या मजल्यावर आणि आत माणूस आहे का, हे आधी सांगा.